सिव्हिलियन साहेब म्हणतात "लेखी द्या". हा अपमान समजायचा का?

रावेरचा_फौजी

राम राम मंडळी.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आलोय. दुपारचे तीन, लाईट गेलेली, आबा ओसरीवर घोरताहेत आणि मी डोक्यातला भुंगा इथे उतरवतोय.

मी फौजेत कर्नल आहे. युनिट कुठलं ते विचारू नका. एवढं समजा की आमच्याकडे वर्दीवाले मूठभर आणि बाकी सगळे सिव्हिलियन: कामगार, क्लार्क, फोरमन, इंजिनिअर. माझ्या खालोखालची खुर्चीही सिव्हिलियन साहेबांची. वय ५६, त्याच जागेवर ११ वर्षं, पगाराची लेव्हल माझीच, १३. मला रुजू होऊन पाच महिने झाले. त्याआधीची २१ वर्षं पलटणीत नाहीतर स्टाफवर गेली. तिथे आपण "हे करा" म्हणायचं, समोरचा "सर" म्हणतो, काम सुरू.

एप्रिलमध्ये एका शेडचं छत पाहिलं. पत्रे सडलेले, खाली सरकारी माल, आणि जूनमध्ये पाऊस. सकाळच्या कॉन्फरन्समध्ये मी म्हणालो, "आवारात रस्त्याचं काम करणारा ठेकेदार आहेच, उद्यापासून त्याचीच माणसं छतावर चढवा. कागद मागून होतील." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "कर्नल साहेब, लेखी द्या."

समोर दोन मेजर आणि एक कॅप्टन. कॅप्टनने वहीत मान घातली ती वर काढलीच नाही.

आमच्यात वरिष्ठाला "लेखी द्या" म्हणणं म्हणजे तुमच्या शब्दावर माझा भरवसा नाही, असं तोंडावर सांगणं. तेव्हापासून आमचं बोलणं फायलीपुरतं उरलंय. छत तसंच आहे. शिवाय पाच वाजले की साहेबांची बॅग उचललेली असते, मग इकडे आग लागो. त्यांचा मार्चअखेरचा एपीएआर, म्हणजे वर्षाच्या कामाचा गोपनीय अहवाल, मलाच लिहायचाय आणि खरं सांगतो, हात शिवशिवताहेत.

आबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सालदार कोन अन् मालक कोन, ते पह्यले पाह्य." आणि बागेला पाणी सोडायला निघून गेले.

अशा माणसांकडून काम कसं करून घ्यायचं? कुणी दोन्ही बाजू पाहिलेलं आहे का इथे?

पारोळ्याचा_हवालदार

जय हिंद साहेब. नायक असताना मी सुभेदार साहेबांना "लेखी द्या" म्हटलं असतं, तर त्यांनी माझ्या पाठीवर लिहून दिलं असतं.

पण एक सांगतो. मी रिटायर होऊन घरी आलो तेव्हा रेकॉर्डमध्ये धाकट्या पोराची नोंदच नव्हती. पार्ट टू ऑर्डर (अशी घरची नोंद रेकॉर्डवर चढवणारा कागद) कधी निघाली, निघाली की नाही, कुणाला ठाऊक नाही. पलटणीत फोन केला तर तिथले सगळे बदललेले. शेवटी रेकॉर्ड ऑफिसातल्या एका सिव्हिलियन बाबूने जुन्या गठ्ठ्यातून ती ऑर्डर काढून दिली. कागद कधीचा, तर अकरा वर्षांपूर्वीचा. त्या दिवसापासून मी बाबू लोकांना शिव्या देणं बंद केलंय. निदान मोठ्याने.

भुसावळचे_नाना

कर्नल साहेब, आधी तुमच्या आबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी एका ओळीत उरकलं, मला पानभर लागेल.

मी यावल तालुक्यातला, आता मुक्काम भुसावळ. १९८१ ते २०१६ एका लष्करी डेपोत सिव्हिलियन अधिकारी होतो, शेवटची नऊ वर्षं तुमच्या त्या चष्मेवाल्यांच्याच खुर्चीत. (आपल्या वरणगाव-भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचं वेगळं, बरं का. तिथे वरपासून खालपर्यंत कारभार सिव्हिलियनांचाच, आणि ऑक्टोबर २०२१ पासून तर त्या सरकारी कंपन्यांत गेल्या. इकडे लोक सगळं एकच धरतात आणि मला विचारतात, "नाना, तुम्ही गोळ्या बनवायचे का?" नाही हो, मी गोळ्यांवर झाकायच्या ताडपत्र्या मोजायचो.) एकूण तेरा कमांडंट पाहिले. वयाने मोठा आहे म्हणून पुढे भाऊ म्हणतो, राग मानू नका.

सालदार आखाजीला ठरतो आणि आखाजीला सुटतो. चांगला असेल तर दोन-तीन आखाज्या टिकतो. भाऊ, डेपोत सालदार तुम्ही आहात. काम जीव तोडून कराल, यात शंका नाही, पण तिसऱ्या वर्षी तुमचं सामान ट्रकमध्ये चढलेलं असेल. मागे राहतो तो घरचा माणूस. सावकार दारात येऊन उभा राहतो तेव्हा त्याला तोंड घरच्यानेच द्यायचं असतं. आमचा सावकार म्हणजे ऑडिट. तो कधी पाच वर्षांनीही दारात येतो आणि त्याला कुणाचा हुद्दा दिसत नाही, सही दिसते.

आता ताडपत्र्यांचं सांगतो, कारण माझ्या "लेखी द्या"चा जन्म तिथला.

मार्च १९९४, तारीख २९. चारशे ताडपत्र्यांचा पुरवठा गेटवर उभा. ३१ ला बिल गेलं नाही तर पैसे परत. तपासणीची आमची साधी रीत होती: गठ्ठ्यातून नमुन्याच्या चार ताडपत्र्या काढायच्या, चार कोपरे बांधून झोळी करायची, त्यात पाणी ओतायचं आणि रात्रभर खाली कोरडी फरशी राहते का पाहायचं. मी म्हटलं, उद्या सकाळी सांगतो. तेव्हाचे कमांडंट म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर घे. तपासणी एप्रिलमध्ये होत राहील." मेणाचा वास मारत होता, कापड हाताला जाड लागत होतं, आणि साहेब माणूस म्हणून खरंच भला होता. माझ्या आईच्या ऑपरेशनला त्यांनी स्वतःची गाडी दिली होती. मी रिसीट व्हाउचरवर सही केली. एप्रिलमध्ये तपासणी व्हायची ती राहिलीच, कारण वर्ष संपलं की घाईही संपते.

जुलैच्या पहिल्या झडीत रात्रपाळीचा चौकीदार बोलवायला आला. मी बॅटरी घेऊन गेलो. ताडपत्रीच्या खाली उभं राहून वर बॅटरी मारली तर शिवणीच्या कडेने ओळीने थेंब लोंबत होते, वळचणीला लोंबतात तसे. खालच्या लाकडी पेट्या फुगायला लागल्या होत्या. एका पेटीच्या खिळ्याभोवती गंजाचं तांबडं पाणी आलेलं अजून डोळ्यांसमोर आहे.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली, ऑडिटचा आक्षेप आला, आणि १९९९ मध्ये आरोपपत्र माझ्या हातात. साहेब तोवर दोन बदल्या ओलांडून पार ईशान्येकडे. त्यांचा लेखी जबाब आला: असा तोंडी आदेश दिल्याचे स्मरत नाही. मी त्यांना खोटं म्हणणार नाही. दिवसाला पन्नास आदेश देणाऱ्याला पाच वर्षांपूर्वीचा एक कुठला आठवणार? त्याच वर्षी माझ्या बढतीची समिती बसली. चौकशी चालू असली की समितीचा निर्णय बंद लिफाफ्यात ठेवतात. माझा लिफाफा तीन वर्षं बंद राहिला. शेवटी शिक्षा काय, तर नुसता ठपका. पण ठपका लागला म्हणून तो लिफाफा उघडलाच नाही, पुढच्या समितीची वाट पाहिली. माझ्या हाताखाली शिकलेली दोन पोरं माझ्या आधी वर गेली.

त्यानंतर मी सगळ्यांना "लेखी द्या" म्हणायला लागलो. चहा मागवायचा असला तरी, असं आमच्याकडे गमतीने म्हणायचे.

तुम्हाला कुणी सांगितलं नसेल कदाचित, पण हे उद्धटपणात मोडत नाही, आम्हाला ते बंधनकारक आहे. केंद्रीय नागरी सेवेचे १९६४ चे वर्तणुकीचे नियम काढा आणि तिसरा नियम वाचा. वरिष्ठाने आदेश शक्यतो लेखीच द्यावा. तोंडी द्यावा लागला तर लगेच लेखी पुष्टी द्यावी. आणि कनिष्ठाने तोंडी आदेश मिळाल्यावर लवकरात लवकर लेखी पुष्टी मागावी. मागितली की देणं वरिष्ठाचं कर्तव्य. तुम्ही आर्मी ॲक्टखाली वाढलात, ते या नियमांखाली. तुमच्यात हुकूम झेलणं ही शिस्त, आमच्यात तो कागदावर उतरवून घेणं ही शिस्त. दोघेही आपापल्या जागी शिस्तीत वागताय आणि दोघांनाही दुसरा बेशिस्त वाटतोय.

२००५ च्या सुमारास आमच्याकडे एक ब्रिगेडियर आले. माझ्या तेरांपैकी सर्वांत कडक. पहिल्या दिवशी त्यांनी गार्ड ऑफ ऑनर उरकला, माझ्या खोलीत आले, समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गेल्या पाच वर्षांतले न मिटलेले ऑडिट आक्षेप दाखवा." तीन दिवस रोज दोन तास तेच. त्यांना कळलं की कुठल्या शब्दाला मी का दचकतो. नंतर त्यांची एक रीत पडली. दिवसभर तोंडी आदेश बिनधास्त द्यायचे, पण संध्याकाळी साडेचारला त्यांचा पीए हातभर चिठ्ठी घेऊन यायचा: आज अमुक वाजता अमुक सांगितले. खाली आद्याक्षरं. बस्स. त्या दोन वर्षांत मी एकदाही "लेखी द्या" म्हटलं नाही. आमची सगळ्यात जास्त कामं त्याच दोन वर्षांत झाली, आणि सात वाजेपर्यंत मी ऑफिसात बसलेला असायचो, कुणी न सांगता.

आता उलट बाजू. आमच्यातही "लेखी द्या" म्हणून तंगड्या पसरणारे आहेत, भरपूर आहेत. ओळखायचे कसे? त्याला म्हणा, "ठीक, काय लिहू? मसुदा आणा." कामचुकार असेल तर आठवडा लावेल आणि मग म्हणेल विभागाचं मत घ्यावं लागेल. खरा माणूस तासाभरात मसुदा घेऊन येतो, कारण काम कुठल्या कागदाने होतं ते त्याला आधीच ठाऊक असतं. तुमच्या साहेबांना तुम्ही हे विचारलंत का?

रस्त्याच्या ठेकेदाराची माणसं छतावर चढवण्याबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे, भाऊ. सडलेल्या पत्र्यावरून एखादा पोरगा खाली आला असता तर? रस्त्याच्या कामाच्या करारात छत नाही. त्या पोराच्या घरच्यांना कुणी भरपाई दिली असती, आणि पोलिसांनी आधी कुणाला बोलावलं असतं? अकरा वर्षं तिथे बसलेल्यालाच. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला तो बहुधा हे सगळं डोळ्यांसमोर आलं म्हणून.

आणि शिवशिवणारे हात खिशात ठेवा. आमच्या एका कर्नल साहेबांनी माझ्या सहकाऱ्याला १० पैकी ५.८ दिले होते. शेरा झकास लिहिला: कष्टाळू, विश्वासू वगैरे. त्यांना वाटलं बरे गुण दिलेत. फौजी अधिकाऱ्यांचा अहवाल ९ पैकी गुणांचा, ते त्याच मापात वाढलेले. आमच्या एपीएआरमध्ये ६ पेक्षा कमी पडले की 'व्हेरी गुड' राहत नाही, नुसता 'गुड' होतो, आणि वरच्या बढतीला 'व्हेरी गुड' लागतो. म्हणजे कौतुक करता करता माणूस बाद. आमचा अहवाल पूर्णच्या पूर्ण संबंधिताला दाखवतात, तो १५ दिवसांत दाद मागू शकतो. सहकाऱ्याने मागितली. कर्नल साहेब स्वतः हादरले, म्हणाले, मी तर चांगलं लिहिलं होतं! तुम्ही रागाने ५ द्याल आणि त्यांनी दाद मागितली तर कारण सांगावं लागेल, आणि "माझ्याकडे लेखी मागितलं" हे कारण तिसऱ्या नियमापुढे टिकणार नाही.

इंजिनिअरीणबाई

नानांना दंडवत. मी धुळ्याची, लष्करासाठी बांधकाम करणाऱ्या खात्यात आहे. आमच्याकडे वर्दीवाले आणि सिव्हिलियन एकाच शिडीवर, एक आड एक. सध्या माझे वरिष्ठ कर्नल आणि माझ्या हाताखाली एक मेजर. त्यामुळे मी दोन्हीकडून शेकते.

कर्नल साहेब, एक गोष्ट नानांच्या लक्षात आली नसेल कारण ते पुरुष. निर्णय कॉन्फरन्समध्ये होत नाहीत. ते शनिवारी रात्री मेसमध्ये होतात, रविवारी गोल्फ खेळताना पक्के होतात आणि सोमवारी सकाळी आम्हाला "विचारले" जातात. सिव्हिलियन अधिकारी सहसा मेसचा सभासद नसतो. बोलावलं तर पाहुणा म्हणून जातो, नाहीतर घरी भाजी निवडतो. सोमवारी मी शंका काढली की सगळे असे बघतात, जणू पंगत उठल्यावर मी मीठ मागितलं. "लेखी द्या" बऱ्याचदा तिथून येतं. आधी विचारलं असतं तर तोंडी सांगूनही भागलं असतं.

मेजरचं म्हणाल तर तो गुणी पोरगा आहे. पहिले सहा महिने मला "मॅम" म्हणायचा आणि परवानगी मात्र कर्नलांकडून आणायचा. मी एकदाही आवाज चढवला नाही. त्याच्या तीन फायली कर्नल साहेबांनी "मॅडममार्फत पाठवा" असा शेरा मारून परत केल्या, तेव्हा सुधारला. वरच्याने पाठीशी उभं राहायचं ठरवलं तर दोन ओळींचं काम असतं हे. तुमचे मेजर त्या चष्मेवाल्या साहेबांना डावलून थेट तुमच्याकडे येतात का, तेवढं बघा.

पारोळ्याचा_हवालदार

बाई, "पंगत उठल्यावर मीठ" एक नंबर!

रावेरचा_फौजी

सगळं दोनदा वाचलं. आबांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नाना लेवा पाटील दिसता," आणि सालदाराचं कोडं सुटलं म्हणून खूश होऊन झोपले.

बाई, मेजर थेट येतात. मीच येऊ देतो, काम पटकन होतं म्हणून. हे मला लिहिताना सुचलं नव्हतं.

काल सकाळी साहेबांना फोन केला. सुट्टीवरून फोन आला म्हणून आधी ते घाबरलेच. म्हटलं, छताचं काय लिहू, मसुदा पाठवता का? दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मसुदा १२ एप्रिलपासून ड्रॉवरमध्ये आहे, कर्नल साहेब." तातडीच्या दुरुस्तीचं मागणीपत्र, नुकसानीच्या अंदाजासह, फोटो जोडून, खाली माझ्या सहीची जागा मोकळी. मी विचारलं, मग पुढे का नाही ठेवलंत? तर म्हणे, "तुम्ही विचारलं नाही. आणि त्या दिवशीनंतर मला वाटलं, ठेवलं तर तुम्हाला अजून राग येईल."

मला राग आलाच असता, हे खरं आहे. मसुदा मोबाईलवर मागवला, एक आकडा बदलला, सुट्टीत माझ्या जागी काम पाहणाऱ्या मेजरला सांगितलं की ही फाईल साहेबांमार्फतच चालेल.

पाच वाजताच्या बॅगेचं मात्र मला अजूनही पटत नाही. त्याबद्दल कुणी काही बोललंच नाही.

भुसावळचे_नाना

बोललो नाही कारण त्यात मी स्वतः सापडतो. पाचला बॅग मीही उचलायचो, २००५ पर्यंत. कारण विचाराल तर काही नाही. साडेपाचची गाडी होती ती १९९० मध्येच बंद पडली, पण पाय निघायचे. तिथे तुमचं बरोबर असेल, सरळ बोला त्यांच्याशी. फक्त चारचौघांत नको.

साडेचारच्या चिठ्ठीचं लक्षात ठेवा. आणि छतावर पत्रे चढले की इथे कळवा, मृगाच्या आत. डिसेंबरात सुट्टी मिळाली तर भुसावळला उतरा, बामणोदची वांगी आणून ठेवतो, भरीत करू. चष्मेवाल्यांनाही आणलंत तर कळण्याच्या भाकरी चार जास्त टाकायला सांगतो.